आईचं बिडाचं पॅन

बाबांचा फोन आला तेव्हा बेबी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून तिने विचारलं, "काय हो बाबा?"

"आज डबा आणू नकोस," बाबा म्हणाले. "मी केलंय."

"काय केलंय?" तिचा चिमटा हवेतच थांबला. "पडलात का? कुठे लागलं?"

"अगं, जेवण केलंय."

"कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे काय? बनवलंय. मी. जेवण."

तिच्या चिमट्यातून स्क्रू निसटला तो गेलाच. ती आणि गिऱ्हाईक दोघांनी खाली बसून फरशी धुंडाळली, पण मोहरीएवढी वस्तू, सापडते कशाला. शेवटी तिने दुसरा बसवून दिला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

बेबी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात थोरली असूनही सगळे तिला बेबी म्हणत आणि आता केस पिकायला लागले, स्वतःचं चष्म्याचं दुकान झालं, तरी बाबांच्या तोंडून ते नाव सुटलं नव्हतं. तिला एक धाकटा भाऊ होता. तो लांबच्या शहरात राहायचा आणि अधूनमधून फोन करून "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे" असं म्हणायचा. म्हणजे त्याच्या वाटची काळजीही तिनेच करायची. आणि बेबी ती करायची. आई गेल्यापासून दुकान बंद केलं की ती आधी बाबांकडे जायची, सकाळी करून ठेवलेला डबा गरम करायची, त्यांना वाढायची, भांडी विसळायची आणि मग आपल्या घरी. नवरा म्हणायचा, "एखाद्या दिवशी बाहेरून मागवू दे की त्यांना." ती म्हणायची, "त्यांना चालत नाही." खरं तर बाबांना काय चालतं आणि काय नाही हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच काचेच्या खोलीत बसून घराएवढे कंटेनर जहाजातून उचलायचे आणि धक्का न लावता खाली ठेवायचे. बंदरात त्यांच्या हाताचं नाव होतं. पण घरात त्या हाताने कधी पाण्याचा पेलासुद्धा भरून घेतला नव्हता. ताट समोर आलं की जेवायचे, रिकामं झालं की तिथेच ठेवून उठायचे. एकदा तापाने फणफणलेली आई उठून चहा टाकताना बेबीने पाहिली होती, बाबांसाठी. बाबा पेपर वाचत होते.

असे हे बाबा जेवण बनवून बसले होते.

ती संध्याकाळी पोचली तेव्हा जिन्यातच वास आला. भाजलेल्या मांसाचा, लसणाचा, आणि त्यावर काहीतरी आंबटसर, ताजं. वास चांगला होता, हे तिच्या आधी तिच्या नाकाने कबूल केलं. आत शेगडीच्या चहूबाजूंनी तेलाचे शिंतोडे उडाले होते. ओट्यावर मक्याची सोललेली सालं, झुकिनीची देठं, टोमॅटोच्या बिया, असा सगळा राडा. आणि मधोमध आईचं काळं बिडाचं पॅन.

बाबा आधीच जेवले होते. तिच्यासाठी ताटली झाकून ठेवली होती. "बस," म्हणाले. आजवर ते तिला कधी "बस" म्हणाले नव्हते. बसायचं त्यांनी आणि उभं राहायचं तिने.

डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या होत्या, कडेने खरपूस. त्यात झुकिनीच्या चकत्या, मक्याचे दाणे, लाल ढोबळी मिरची, नुकतेच तडकलेले छोटे टोमॅटो आणि वरून लिंबू. सगळं एकाच पॅनमध्ये केलेलं. तिने घास घेतला. मका गोड होता, झुकिनी अजून करकरीत होती, मांस मऊ होतं.

"कसं झालंय?" बाबांनी विचारलं. परीक्षेचा निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते समोर बसले होते.

"मीठ कमी आहे," बेबी म्हणाली.

"हो? मला बरोबर वाटलं." त्यांनी मिठाची बाटली पुढे सरकवली. "अर्ध्या तासात होतं बघ. आधी मांस एकदम कडकडीत पॅनवर टाकायचं आणि हात लावायचा नाही. हात लावायचा नाही हेच अवघड. मग ते काढून ठेवायचं. मग मका, मग मिरची, झुकिनी, आणि टोमॅटो अगदी शेवटी. मग मांस परत आत."

"कुणी शिकवलं?"

"मास्तरीणबाईंनी."

बेबीला समजायला क्षणभर लागला. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी बाबांना पाण्यात चालायला सांगितलं होतं. म्हणून बेबीनेच त्यांचं नाव सार्वजनिक जलतरण तलावावरच्या वर्गात घातलं होतं, बेबीनेच पोहण्याची चड्डी आणून दिली होती. तिथे शिकवणाऱ्या बाईंचा उल्लेख बाबांच्या बोलण्यात यायचा. मास्तरीणबाई म्हणाल्या श्वास असा सोडा, मास्तरीणबाई म्हणाल्या मान सैल ठेवा. बेबी हं हं करायची.

"तलावावर स्वयंपाक शिकवतात?"

"नाही गं. त्यांच्याकडे."

"त्यांच्याकडे म्हणजे घरी?"

"मग काय रस्त्यावर?" बाबा हसले आणि उठून तिची रिकामी ताटली घेऊन सिंककडे गेले. नळ सोडला. पाठमोरे बाबा भांडं घासताहेत हे दृश्य बेबीने जन्मात पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्यामुळे घरी फार बोलायचा नाही.

"मग बरं झालं की," तो म्हणाला. "तुझी धावपळ वाचली."

"धावपळीचा प्रश्न नाहीये."

"मग कशाचा आहे?"

ते तिला सांगता येईना. आईने आयुष्यभर या माणसाचं ताट वाढलं. आजारपणातही उठून वाढलं. तिच्यासाठी त्यांनी एक अंडं उकडलं नाही. मग मी वाढलं, दुकान सांभाळून, घर सांभाळून. माझ्यासाठीही नाही. आणि आता कोण कुठली एक बाई, पाण्यात उड्या मारायला शिकवणारी, तिने बोट दाखवलं की बाबा मक्याचे दाणे सोलतात. बेबीला आईच्या वतीने राग आला होता, हे खरंच होतं. पण त्या रागाच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती आईच्या वतीने नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून ती तलावावर गेली. वर्गाची चौकशी करायला, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

मास्तरीणबाई तिने मनात जशा रंगवल्या होत्या तशा निघाल्या नाहीत. तिला कुणीतरी नटवी, लाडेलाडे बोलणारी बाई हवी होती. म्हणजे राग करायला सोपं गेलं असतं. समोर होती साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, रुंद खांद्यांची बाई. गळ्यात शिट्टी, पायात रबरी सपाता. पाण्यात एक घाबरलेल्या आजीबाई कठडा धरून होत्या आणि बाई काठावर हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

"सोडा," बाई म्हणत होत्या. "मी इथेच आहे. पण मी धरणार नाही."

"बुडेन हो मी."

"कमरेएवढं पाणी आहे. बुडायचं तर खटपट करावी लागेल."

आजीबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात सुटला, आणि त्या तरंगल्या. बाईंनी मान हलवली, एवढंच. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. बेबीला ते आवडलं आणि आवडल्याचा तिला संताप आला.

वर्ग संपल्यावर बाईच तिच्याकडे आल्या. "तुम्ही बेबी ना? डोळे अगदी क्रेनवाल्यांचेच आहेत."

क्रेनवाले. म्हणजे बाबांना नावही ठेवून झालं होतं.

"मी चौकशीला आले होते," बेबी म्हणाली. "वर्गाच्या."

"या की. सकाळच्या वर्गात जागा आहे." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ते तुमचं फार बोलतात. दुकानाचं, तुमच्या हाताचं."

"आमच्याकडे तुमचं बोलतात," बेबी म्हणाली आणि निघाली. चालताना तिच्या लक्षात आलं की बाईंनी मागे वळून हाक मारावी आणि आपण ती ऐकली नाही असं दाखवावं, यासाठी ती मुद्दाम हळू चालत होती. हाक आली नाही.

त्या आठवड्यात तिने तेच जेवण घरी करून पाहायचं ठरवलं. बाबांना जमतं ते तिला जमायला कितीसा वेळ? चार शेगड्यांवर चार भांडी एकाच वेळी सांभाळणारी ती. बाजारातून ती अगदी कोवळी झुकिनी घेऊन आली, मांस कसायाकडून समोर उभं राहून कापून घेतलं. पण मनात बाबांचा "त्यांच्याकडे" हा शब्द घोळत होता. मांसाला रंग येईतो थांबायचा धीर तिला निघाला नाही. भाज्या तिने एकदमच ओतल्या. बघता बघता पॅनमध्ये पाणी सुटलं, टोमॅटो फुटले, मांस राखाडी पडलं.

नवऱ्याने चमच्याने चाखून पाहिलं. "सूप छान झालंय," तो म्हणाला.

"सूप नाहीये ते."

"बरं," असं म्हणून त्याने पाव बुडवून निमूट खाल्लं. 

दोष पॅनचा, असं बेबीने ठरवून टाकलं. तिचं पॅन पातळ, आईचं जाड बिडाचं. ते पॅन आईने लग्नानंतर पहिल्याप्रथम घेतलेली वस्तू. त्यात तिने दुसऱ्या कुणाला काही शिजवू दिलं नव्हतं. आणि आता त्याच पॅनवर एका तिऱ्हाईत बाईचे धडे गिरवले जात होते. या विचारासरशी तिच्या काळजात अशी कळ उठली की दुसऱ्या संध्याकाळी बाबांकडे गेल्याबरोबर तिने ते ओट्यावरून उचललं आणि पिशवीत घातलं.

"कुठे नेतेस?" बाबांनी विचारलं.

"याची मूठ हलते आहे. दुरुस्त करून आणते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. "मूठ?"

"हो. हातातून निसटली तर पाय भाजेल."

"बरं," बाबा म्हणाले.

घरी येऊन तिने पॅन चादरींच्या कपाटात, अगदी तळाशी ठेवलं. त्यात तिने काही शिजवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कपाट उघडून ते जागेवर आहे का ते पाहिलं.

नंतर बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, मूठ झाली का. ती म्हणाली, कारागीर गावाला गेलाय. मग एक दिवस ते म्हणाले, "रविवारी दुपारी मास्तरीणबाईंना जेवायला बोलावलंय. आजवर त्यांच्याकडेच झालं, एकदा आपल्याकडे व्हायला हवं. तूही ये. जावयांनाही आण. आणि जमलं तर पॅन आण."

नवऱ्याने यायचं टाळलं. घरच्या भांडणात तो पडायचा नाही. बेबी एकटीच गेली, निळी साडी नेसून, केस नीट बांधून आणि रिकाम्या हाताने.

"कारागीर अजून आला नाही," ती दारातच म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "मी नवीन आणलंय."

ओट्यावर एक चकचकीत, कागदासारखं पातळ पॅन होतं, अजून किमतीचं लेबल चिकटलेलं. भाज्या चिरून वाट्यांमध्ये मांडून ठेवल्या होत्या, जहाजावर माल लावल्यासारख्या ओळीने. मास्तरीणबाई जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांनी आज शिट्टी घातली नव्हती. हिरवा सदरा घातला होता आणि त्यात त्या जरा अवघडलेल्या दिसत होत्या.

बेबी त्यांच्या समोर बसली. बाबांनी शेगडी मोठी केली, तेल ओतलं. पातळ पॅन लगेच तापलं. तेलातून धूर निघाला. बेबीला दिसत होतं की आच जास्त आहे. तिचे हात शिवशिवले. उठून एक बटण फिरवायचं, बस्स. पण तिने उठायचं नाही असं ठरवलं होतं. होऊ दे फजिती, तिला वाटलं. त्या बाईसमोरच होऊ दे. आणि त्याच वेळी, त्यांची फजिती होऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या पाहत होत्या, पण जागच्या हलत नव्हत्या.

मांस टाकलं आणि ते चिकटलं. हात लावायचा नाही म्हणून बाबांनी हात लावला नाही. खालून काळा धूर आला. खरवडलं तर अर्धं पॅनला आणि अर्धं कोळसा.

बाबांनी शेगडी बंद केली, टॉवेलला हात पुसले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आईसाठी कधी एक अंडं तरी उकडलंत का?" बेबीच्या तोंडून गेलं. असं बोलायचं नव्हतं, निदान आज नाही, निदान परक्या माणसासमोर नाही. पण गेलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला दिसला नाही.

"नाही," ते म्हणाले. "तिने करू दिलं नाही, असं मी लोकांना सांगतो. पण मी मागितलंही नव्हतं. मला बरंच होतं ते." मग त्यांनी चपला शोधल्या. "कसायाचं दुकान अजून उघडं असेल. मांस घेऊन येतो."

"मी आणते," बेबी उठली.

"बस तू," ते म्हणाले, आणि दार लागलं.

घरात जळकट वास भरला होता. मास्तरीणबाईंनी उठून खिडकी उघडली, परत येऊन बसल्या. मधे टेबलावर चिरलेल्या भाज्यांच्या वाट्या. दोघी त्या वाट्यांकडेच पाहत होत्या.

"मला तुमचा राग येतो," बेबी शेवटी म्हणाली. एकदा तोंड उघडलंच होतं, तर आता मागे काय ठेवायचं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तलावावर आलात तेव्हाच कळलं. वर्गाची चौकशी करायला कुणी इतकं रागाने येत नाही."

बेबी मक्याचा एक दाणा बोटाने वाटीत ढकलत राहिली.

"मला तुमच्या आईचा येतो," बाई म्हणाल्या.

बेबीने मान वर केली.

"वाईट आहे, कळतं मला. गेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा. पण वाटतो." बाईंनी भिंतीवरच्या फळीकडे हनुवटीने खूण केली. तिथे डबे होते, आणि प्रत्येक डब्यावर आईच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. साखर. डाळ. चहा. "बाकी माझी काही तक्रार नाही. पण माझ्याकडे आले की क्रेनवाले नीट शिकतात, हसतात, माझ्याच पॅनमध्ये सगळं छान जमवतात. आणि जेवताना हळूच म्हणतात, तिचं बिडाचं पॅन असतं ना, तर अजून चांगलं झालं असतं. दर वेळी. माझी भांडी, माझी शेगडी, माझं घर, आणि जेवायला तुमची आई."

बेबीला हसू येईल असं वाटलं नव्हतं, पण ओठाच्या कडेला काहीतरी हललं.

"त्यांनी सांगितलं, पॅन दुरुस्तीला गेलंय," बाई पुढे म्हणाल्या. "खरं सांगू का, मला बरं वाटलं. म्हटलं, हरवू दे तिकडेच."

"हरवलं नाही," बेबी म्हणाली. "माझ्या कपाटात आहे. चादरींखाली."

आता मास्तरीणबाईंनी मान वर केली. त्या काही क्षण तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांचे रुंद खांदे हलायला लागले. आवाज न करता हसायच्या त्या. बेबीनेही तोंडावर हात धरला.

"घेऊन येऊ का?" जरा वेळाने तिने विचारलं. "दहा मिनिटांवर घर आहे माझं."

बाईंनी विचार केला. मनापासून केला, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "आणलंत तर त्यांना आनंद होईल," त्या म्हणाल्या. "पण आज नको. एक दिवस तरी कुणाचंच नसलेल्या पॅनमध्ये होऊ दे."

बेबीने ते चकचकीत पॅन सिंकमध्ये नेलं आणि घासायला घेतलं. लेबल निघता निघेना. ते तिने नखाने खरवडलं. मास्तरीणबाई शेजारी उभ्या राहून पुसायला फडकं धरून होत्या. बाईंनी एकदा विचारलं, ते लहानपणी तुम्हाला कधी बंदरावर न्यायचे का. बेबीने सांगितलं, एकदा नेलं होतं, वर काचेच्या खोलीत, आणि तिला इतकी भीती वाटली की तिने त्यांच्या मांडीवर ओकारी केली होती. हे बाबांनी बाईंना सांगितलेलं नव्हतं, हे ऐकून तिला उगाचच बरं वाटलं.

बाबा घामाघूम होऊन परत आले. या खेपेला त्यांनी पॅन ठेवलं, तेल ओतलं आणि पुन्हा आच मोठी करायला हात नेला.

"कमी," मास्तरीणबाई एकदम म्हणाल्या.

बाबांनी चमकून मागे पाहिलं. "तुम्ही तर म्हणता, मी सांगणार नाही."

"आज सांगते. भूक लागली आहे."

बेबी जागची हलली नाही. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते, अक्षरशः.

जेवण झालं ते बरं झालं, फार चांगलं नाही. मांस थोडं वातड होतं, मका मात्र सुरेख. बाबांनी पहिली ताटली मास्तरीणबाईंना वाढली आणि दुसरी बेबीला. पाहुण्याला आधी, हे रीतीचंच होतं, तरी टोचायचं ते टोचलंच. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "तिच्या पॅनमध्ये..."

दोघी बायकांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"बाबा," बेबी म्हणाली, "पॅन दुरुस्तीला दिलेलं नाही. मी लपवून ठेवलंय."

बाबांनी शांतपणे घास चावून संपवला. "ते मला माहीत आहे. त्या पॅनला वेगळी मूठ नाहीच. अख्खं एकसंध ओतीव आहे ते. हलेल कशी मूठ?"

बेबीचा चेहरा कानापर्यंत तापला. एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आयुष्यभर ते पॅन घासूनही नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या आईचं आहे. तुला ठेवावंसं वाटलं तर ठेव." त्यांनी लिंबाची फोड उचलली, पिळली. "फक्त कारागीर गावाला गेला म्हणालीस तेव्हा हसू आवरलं मी."

मास्तरीणबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला.

पुढे फार मोठं असं काही घडलं नाही. बेबीने पॅन परत नेऊन दिलं. बाबा आठवड्यात बरेचदा स्वतःच करायला लागले, कधी मास्तरीणबाईंकडे जायचे, कधी त्या यायच्या. बेबी आता ठरवून एखाद्या संध्याकाळी जायची आणि खुर्चीवर बसायची. ते तिला अजून जमत नव्हतं. हातांचं काय करायचं हे कळायचं नाही. बाकीच्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ती कुलपाशी क्षणभर घुटमळायची, मग घराकडे वळायची. नवऱ्याने एकदा जेवताना तिच्याकडे पाहून म्हटलं, "तू लवकर येतेस हल्ली. बरं वाटतं." एवढं मोठं वाक्य त्याने बऱ्याच दिवसांत उच्चारलं नव्हतं.

हेवा काही गेला नाही. उन्हाळा सरता सरता बाबा म्हणाले की ते दोघं चार दिवस तळ्याकाठी राहायला जाताहेत, तिथे छोटी घरं भाड्याने मिळतात. बेबी म्हणाली, जा की. मग न राहवून विचारलं, तिथे जेवणाचं काय.

"आम्ही करू," बाबा म्हणाले.

हा "आम्ही" तिला दोन दिवस खुपत राहिला. तिसऱ्या दिवशी तिने मास्तरीणबाईंना फोन लावला. बाबांची रक्तदाबाची गोळी जेवणानंतर असते, ती आठवणीने द्यावी लागते, असं ती म्हणाली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"आणि गार पाण्यात फार वेळ थांबू देऊ नका. खोकला होतो."

"तेही माहीत आहे."

बेबी आणखी काही सांगायचं आठवू लागली. मग बाई म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र मला जमत नाही. चष्मा नाकावरून घसरतो म्हणतात सारखा. मी वाकवून पाहिला तर आणखी बिघडला."

"तुम्ही वाकवलात?" बेबी उठून उभीच राहिली. "हाताने? हात लावू नका त्याला. मोडेल. उद्या पाठवा त्यांना दुकानात."

"पाठवते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. तिने त्यांना उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसवलं, चष्मा काढून घेतला, गरम वाळूत दांड्या मऊ केल्या, कानामागे वळण दिलं, पुन्हा घालून पाहिला, पुन्हा काढला. काम पाच मिनिटांचं होतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. बेबीने त्यांना थांबायला सांगितलं आणि बाबांच्या नाकावरचा चष्मा आणखी एकदा, अगदी बारीक, सरळ केला.